‘मला सायनस आहे’ हे निदान नव्हे

“डॉक्टर, मला सायनस आहे. जुनाच आहे. नेहमीच्या गोळ्या लिहून द्या फक्त.”

हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षं ऐकतोय. पावसाळा सुरू झाला की जास्त, थंडीत आणखी जास्त. पेशंटने निदान स्वतःच केलेलं असतं, औषधही ठरवलेलं असतं, माझ्याकडे काम उरतं ते सहीचं. आणि कबूल करायला हवं की ओपीडीत बाहेर तीस माणसं बसलेली असताना आम्ही डॉक्टर मंडळी ती सही करून टाकतो.

आजचा लेख या सहीच्या विरोधात आहे. थोडा तुमच्यावर रागावून, थोडा मेडिकलच्या काउंटरवर आणि बराचसा आमच्या व्यवसायावर रागावून लिहितो आहे.

मागच्या वर्षी एक शिक्षिका आल्या होत्या. वय ३८. नाकाच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली, त्याआधी फिटनेसचा कागद हवा म्हणून माझ्याकडे पाठवलेलं. सोबत जाडजूड फाईल. बारा वर्षांचा ‘सायनस’. सहा एक्स-रे, दोन सीटी स्कॅन, दर वर्षी अँटिबायोटिकचे तीन-चार कोर्स. पर्समध्ये डोकेदुखीच्या गोळ्यांची स्ट्रिप कायम, कारण महिन्यातले बारा-चौदा दिवस डोकं दुखायचं.

मी ईसीजी बघता बघता सहज विचारलं, “मॅडम, डोकं दुखतं तेव्हा उजेड सहन होतो का?”

त्या म्हणाल्या, “नाही हो. घरी असले तर पडदे ओढून झोपते. वर्गात मुलांचा आवाजसुद्धा डोक्यात घुसतो. शेवटी उलटी झाली की मग उतरतं. म्हणून पित्तही आहे म्हणतात मला.”

“कधी ताप? नाकातून पिवळा-हिरवा घट्ट स्राव?”

“ताप कधीच नाही. नाक चोंदतं, पाणी येतं.”

“संकष्टीचा उपास करता?”

“करते. आणि चंद्रोदयापर्यंत हमखास डोकं धरतं. तुम्हाला कसं कळलं?”

बारा वर्षांत हे चार प्रश्न त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यांना सायनसचा आजार नव्हताच. त्यांना मायग्रेन होता.

सायनस सगळ्यांनाच असतात

मुळात ‘मला सायनस आहे’ हे वाक्य ‘मला गुडघा आहे’ असं म्हणण्यासारखं आहे. सायनस हे आजाराचं नाव नाही. आपल्या चेहऱ्याच्या हाडांमध्ये हवेच्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. त्यांच्या चार जोड्या: कपाळात भुवयांच्या वर, दोन्ही गालांच्या हाडांत, डोळ्यांच्या मधल्या भागात आणि नाकाच्या मागे खोल. या पोकळ्यांना आतून नाकासारखंच ओलसर अस्तर असतं आणि त्यांतला द्रव बारीक छिद्रांतून नाकात उतरत राहतो.

सर्दीने किंवा अ‍ॅलर्जीने हे अस्तर सुजलं, छिद्रं बंद झाली, आत द्रव साचला, की त्या अवस्थेला सायनुसायटिस म्हणायचं. हा खरा आजार आहे आणि त्यात चेहरा दुखतोही. पण तो येतो, साधारण एक-दोन आठवड्यांत जातो. जुनाट सायनुसायटिस असतो तेव्हा नाक बंद, स्राव घशात उतरणं, वास न येणं या तक्रारी बारा आठवड्यांहून अधिक टिकतात. त्यात चेहरा जड वाटतो, पण दर आठवड्याला एक दिवस येणारी, उलटी आणणारी, अंधारात झोपायला लावणारी डोकेदुखी हे त्याचं रूप नव्हे.

मग दुखतं कशानं?

बहुतेक वेळा मायग्रेनने. हे माझं एकट्याचं मत नाही. २००४ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘मला सायनसची डोकेदुखी आहे’ असं सांगणारे किंवा डॉक्टरांनीच तसं सांगितलेले २,९९१ लोक त्यात तपासले. ज्यांच्यात जंतुसंसर्गाची लक्षणं होती, ते आधीच बाजूला काढले होते. उरलेल्यांपैकी ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या व्याख्येत बसली. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने तर ‘सायनस हेडेक’ हा शब्दच कालबाह्य ठरवला आहे. आपण मात्र तो अजून छातीशी धरून बसलो आहोत.

यात आपल्या भाषेचाही थोडा दोष आहे. मायग्रेनला मराठीत आपण अर्धशिशी म्हणतो. त्यामुळे पेशंटला वाटतं, डोकं अर्धंच दुखलं तर अर्धशिशी. माझं तर पूर्ण कपाळ दुखतं, म्हणजे ती नाही. प्रत्यक्षात मायग्रेन दोन्ही बाजूंना असू शकतो, कपाळात असू शकतो, गालात आणि डोळ्यांच्या मागेही असू शकतो. दुसरा शब्द पित्त. डोकं दुखून उलटी झाली आणि उलटीनंतर बरं वाटलं, की घरातली मोठी माणसं म्हणतात, पित्त झालंय. उलटी होणं आणि त्यानंतर डोकं उतरणं हे मायग्रेनचं नेहमीचं वागणं आहे. म्हणजे एकाच आजाराची लक्षणं आपण सायनस, पित्त आणि ‘ऊन लागलं’ अशा तीन खात्यांत वाटून टाकतो आणि मूळ आजार कुठल्याच खात्यात सापडत नाही.

“पण डॉक्टर, माझं नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं. मग ते सायनसच ना?”

नाही. चेहरा, कपाळ, डोळे, नाक आणि सायनस या सगळ्यांच्या संवेदना एकाच मोठ्या नसेतून मेंदूकडे जातात. तिला ट्रायजेमिनल नस म्हणतात. मायग्रेनमध्ये हीच यंत्रणा चेतवली जाते. तिच्या जोडीने डोळ्यांतून पाणी आणणारी आणि नाकाचं अस्तर फुगवणारी यंत्रणाही जागी होते. म्हणून मायग्रेनमध्ये नाक चोंदतं, पाणी गळतं, गाल जड होतात. आधी डोकं आणि मग नाक, असा तो क्रम आहे. आपण तो उलटा वाचतो.

हवामान बदललं की दुखतं, म्हणून सायनस, हाही तसाच गैरसमज. ढगाळ हवा, ऑक्टोबरचं ऊन, जोराचा वारा ही मायग्रेन उठवणारी नेहमीची कारणं आहेत. उपास, जागरण, पाळीचे दिवस, उग्र अत्तर किंवा अगरबत्तीचा वास, प्रवास, ताण आणि ताण संपल्यावरचा रविवार हीसुद्धा.

आमचा अपराध

आता आमच्याकडे येतो.

पेशंट कपाळावर हात ठेवून आला की आम्ही सायनसचा एक्स-रे काढायला सांगतो. एक्स-रेमध्ये थोडं धुरकट दिसतं. रिपोर्टवर ‘सायनुसायटिस’ लिहून येतं. पेशंटचं समाधान होतं, कारण आता आजार कागदावर दिसला. पण या धुरकटपणाला किती अर्थ आहे? १९९४ साली साधी सर्दी झालेल्या ३१ जणांचे सीटी स्कॅन काढून पाहिले गेले. त्यातल्या ८७ टक्के लोकांच्या गालांच्या सायनसमध्ये बिघाड दिसला. दोन आठवड्यांनी ज्यांचा स्कॅन पुन्हा केला, त्यांतल्या बहुतेकांचे सायनस अँटिबायोटिक न घेता स्वच्छ झाले होते. म्हणजे सर्दी असलेल्या माणसाच्या स्कॅनमध्ये काहीतरी दिसणारच. साध्या सायनुसायटिसच्या निदानासाठी एक्स-रेची गरज नसते. पेशंटला नीट चार प्रश्न विचारले तर जे कळतं, ते त्या फिल्मवर दिसत नाही.

‘नाकाचं हाड वाकडं’ ही दुसरी गोष्ट. नाकाचा मधला पडदा अगदी सरळ असलेली माणसं कमीच. पडद्यामुळे श्वास अडत असेल, वारंवार खरा सायनुसायटिस होत असेल, तर ऑपरेशनचा फायदा होतो आणि ते जरूर करावं. पण मायग्रेन हे ऑपरेशनने जात नाही. डोकेदुखी हीच मुख्य तक्रार असेल, तर सुरी हातात घेण्याआधी मायग्रेन नाही ना हे बघणं आमचं काम आहे.

तिसरी गोष्ट अँटिबायोटिक. सर्दीनंतरचा सायनुसायटिस बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो. त्यावर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग नाही. विषाणूजन्य सर्दीत जिवाणूंचा सायनुसायटिस होण्याचं प्रमाण शंभरात जेमतेम दोन किंवा त्याहूनही कमी आहे. तरीही तीन दिवसांची ती प्रसिद्ध अ‍ॅझिथ्रोमायसिनची स्ट्रिप प्रत्येक घरातल्या डब्यात असते. जंतू त्या औषधाला इतके सरावले आहेत की जिवाणूंचा सायनुसायटिस असला तरी पहिली निवड म्हणून ते वापरू नये, असंच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

“पण मला त्यानं बरं वाटतं!” हे हमखास उत्तर. जरा हिशोब करा. मायग्रेनचा एक झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत चालतो. ७२ तास म्हणजे तीन दिवस. तुमचा कोर्सही तीन दिवसांचा. काहीही न घेता जे थांबणार होतं, त्याचं श्रेय गोळीला मिळालं. पुढच्या वेळी तुम्ही तीच गोळी मागणार. मोबदल्यात पोट बिघडलं आणि शरीरातले जंतू त्या औषधाला निगरगट्ट झाले. उद्या खरा न्यूमोनिया झाला तर हेच औषध हात वर करील.

त्या शिक्षिकेच्या फाईलबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. पानं उलटताना आठ वर्षांपूर्वीचा एक कागद निघाला. ‘सायनुसायटिस’ असं निदान, खाली पाच दिवसांचं अँटिबायोटिक. अक्षर माझं होतं. मीही त्या दिवशी विचारलं नव्हतं. म्हणून हा लेख लिहिताना बोट दुसऱ्यांकडे दाखवायचा अधिकार मला पुरता नाही, हे मला माहीत आहे.

मेडिकलची रांग

डॉक्टरकडे न जाता थेट मेडिकलमध्ये जाणाऱ्यांची गत आणखी वाईट. “सायनसची गोळी द्या” म्हटलं की एकाच गोळीत चार औषधं मिळतात: दुखणं थांबवणारं, झोप आणणारं, नाक मोकळं करणारं आणि कॅफीन. नाक मोकळं करणारं म्हणून अनेक गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं. पोटातून घेतल्यावर ते नाक मोकळं करत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ साली एकमताने काढला. ब्लड प्रेशरच्या पेशंटने तर अशा गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊच नयेत.

याहून मोठा धोका म्हणजे गोळ्यांमुळेच होणारी डोकेदुखी. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस, किंवा अनेक औषधांची मिश्र गोळी १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, की डोकं गोळीला चटावतं. गोळीचा असर उतरला की दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. पेशंटला वाटतं सायनस वाढला. प्रत्यक्षात गोळी बंद करणं हाच उपचार असतो. शिवाय वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या जठराला आणि किडनीला काय करतात, ते वेगळंच.

नाकात घालायच्या ड्रॉप्सचंही तसंच. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले ड्रॉप्स पाच मिनिटांत नाक मोकळं करतात. ते तीन, फार तर पाच दिवस वापरायचे. त्यापुढे नाक त्यांच्यावर अवलंबून राहतं आणि औषध थांबवलं की आधीपेक्षा जास्त चोंदतं. उशीखाली बाटली ठेवून झोपणारे, दोन-दोन वर्षं ड्रॉप्स घालणारे लोक मी पाहिले आहेत.

खरा सायनुसायटिस ओळखायचा कसा?

तो नसतोच असं मी म्हणत नाही. त्याची ओळख अशी:

• आधी सर्दी झालेली असते. नाक बंद असतं किंवा नाकातून, घशात मागे घट्ट स्राव उतरतो. स्राव पिवळा-हिरवा आहे, एवढ्यावरून जिवाणू ठरत नाहीत. साध्या सर्दीतही तो तसा होतो.
• गालात, कपाळात, वरच्या दातांत दडपण किंवा दुखणं असतं. वाकलं की वाढतं. (मात्र वाकल्यावर मायग्रेनही वाढतो, तेव्हा या एका लक्षणावर विसंबू नका.)
• वास कमी येतो, तोंडाला दुर्गंधी येते.
• उलटी, उजेडाचा त्रास, ठसठस हा मुख्य भाग नसतो.

जिवाणूंचा सायनुसायटिस कधी समजायचा? तीनपैकी एक गोष्ट घडली तर. दहा दिवस झाले तरी सुधारणा नाही. किंवा सर्दी बरी होत आली आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा उलटली. किंवा सुरुवातीलाच १०२ फॅरनहाइट किंवा अधिक ताप, पू-सारखा स्राव आणि चेहऱ्याचं जोराचं दुखणं सलग तीन-चार दिवस. अशा वेळी अँटिबायोटिकचा विचार करायचा आणि तेव्हा ते पूर्ण घ्यायचं.

एकाच बाजूचा गाल दुखत असेल आणि त्याच बाजूने घाण वासाचा स्राव येत असेल, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. वरच्या दाढेच्या मुळाचा जंतुसंसर्ग थेट गालाच्या सायनसमध्ये शिरतो. दाढ दुरुस्त झाल्याशिवाय तो सायनस बरा होत नाही.

आणि मायग्रेनसाठी स्वतःला तीन प्रश्न विचारा:

१. गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे एक दिवस तरी काम, शाळा किंवा घरकाम बुडलं का?
२. डोकं दुखताना मळमळतं का?
३. तेव्हा उजेडाचा त्रास होतो का?

तीनपैकी दोनांचं उत्तर ‘हो’ असेल, तर मायग्रेनची शक्यता मोठी आहे. डॉक्टरकडे जाताना ‘सायनस आहे’ असं सांगू नका. ही तीन उत्तरं सांगा.

आराम कशाने पडतो?

सर्दीचा, सायनसचा त्रास असेल तर: पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळांपेक्षा जास्त नाही (लिव्हरचा आजार असेल, नेहमी दारू घेत असाल किंवा वजन कमी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). भरपूर पाणी, विश्रांती, उशी थोडी उंच. मिठाच्या पाण्याने नाक धुणं हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. आपल्याकडची जलनेती म्हणजे तेच. पाव लिटर पाण्यात अर्ध्या चहाच्या चमच्याहून थोडं कमी मीठ पुरतं. पण पाणी उकळून गार केलेलंच हवं. नळाचं किंवा विहिरीचं पाणी तसंच नाकात घेऊ नका. २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नेतीपात्रातून नळाचं पाणी वापरणारे दोन जण मेंदूत अमीबा शिरून दगावले. असं घडणं अगदी दुर्मीळ, पण पाणी उकळायला दहा मिनिटं लागतात.

वाफ? तुमचा तिच्यावर जीव आहे हे मला माहीत आहे. ब्रिटनमध्ये वारंवार सायनसचा त्रास होणाऱ्यांवर केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात नाक धुण्याने फायदा दिसला. वाफेने डोकेदुखी थोडी हलकी झाली, पण बाकी लक्षणांत फरक पडला नाही. बरं वाटत असेल तर घ्या. मात्र उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीजवळ घेऊन, वर चादर पांघरून आणि लहान मुलांना तर अजिबात नको. असे भाजलेले पेशंट आम्हाला बघावे लागतात. सुंठीचा लेप, बाम, निलगिरी यांनी घटकाभर बरं वाटतं. त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांच्यावर विसंबून वर्षं घालवण्याशी आहे.

अ‍ॅलर्जी असेल, म्हणजे सकाळी उठल्यावर लागोपाठ शिंका, नाक-डोळ्यांना खाज, तर रोज वापरायचे स्टेरॉईडचे नाकातले स्प्रे खरे उपयोगी. ‘स्टेरॉईड’ शब्दाला घाबरू नका. नाकातली मात्रा अगदी कमी असते. पण परिणाम दिसायला काही दिवस, कधी दोन आठवडे लागतात. दोन दिवस मारून ‘फरक नाही’ म्हणू नका. फवारा नाकाच्या मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूला मारा.

मायग्रेन असेल तर पहिला नियम: गोळी लवकर घ्या. डोकं फुटायची वाट बघून चार तासांनी घेतलेली गोळी पोटातच पडून राहते, कारण मायग्रेनमध्ये जठराचं काम मंदावतं. सौम्य झटक्यात पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेनसारखी गोळी, जोडीला मळमळीचं औषध. तेवढ्याने न भागल्यास ट्रिप्टान गटाची औषधं आहेत. ती हृदयविकार, लकवा किंवा आटोक्यात नसलेलं बीपी असलेल्यांना चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. महिन्यातून चार किंवा अधिक दिवस वाया जात असतील, तर झटके येऊच नयेत म्हणून रोज घ्यायची औषधं मिळतात: प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन वगैरे. यातलं कोणतं कोणाला, हे तुमचा दमा, वजन, झोप, मूल होण्याचा विचार यावरून ठरतं. शेजारणीची गोळी तुम्हाला चालेलच असं नाही.

दुसरा नियम: वेळेवर जेवण, वेळेवर झोप, पुरेसं पाणी. देवाशी माझं वैर नाही, पण उपासाने डोकं दुखत असेल तर दूध, फळं, राजगिरा दर तीन-चार तासांनी पोटात जाऊ द्या. तिसरा नियम: एक वही. कोणत्या दिवशी दुखलं, आदल्या दिवशी काय झालं, किती गोळ्या घेतल्या. दोन महिन्यांची ही वही मला सीटी स्कॅनपेक्षा जास्त सांगते.

चुकीच्या नावाची किंमत

कोणी म्हणेल, नाव काही का असेना, दुखणं थांबलं म्हणजे झालं. तसं नाही. काही स्त्रियांना मायग्रेनआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा किंवा आंधळे ठिपके दिसतात. अशांना इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या देऊ नयेत, कारण लकव्याचा धोका वाढतो. स्त्रीरोगतज्ज्ञ विचारतात, “मायग्रेन आहे का?” आणि बाई उत्तर देते, “नाही, फक्त सायनस आहे.” एका चुकीच्या शब्दामुळे चुकीची गोळी सुरू होते.

हाच शब्द उलट्या बाजूनेही घात करतो. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडमधून उठलेले एक शेतकरी काका आले. मधुमेह होता, साखर बेसुमार वाढलेली. आठ दिवस एका बाजूचा गाल दुखत होता, नंतर बधिर झाला. “सायनस आहे” म्हणून त्यांनी मेडिकलमधून गोळ्या घेतल्या. माझ्याकडे आले तेव्हा पापणी सुजली होती आणि टाळूवर काळा डाग होता. म्युकरमायकोसिस, त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी असलेली काळी बुरशी. जीव वाचला, डोळा गेला. ते आठ दिवस मिळाले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न मला आजही पडतो.

म्हणून पुढीलपैकी काहीही असेल तर घरी थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा:

• एका क्षणात आलेली, आयुष्यातली सर्वांत भयंकर डोकेदुखी
• तापासोबत मान ताठ होणं, गुंगी, फिट
• डोळ्याभोवती सूज, डोळा बाहेर येणं, दोन-दोन दिसणं, नजर कमी होणं
• लाल, दुखरा डोळा आणि दिव्याभोवती रंगीत वलयं (ही काचबिंदूची खूण असू शकते)
• हात-पाय किंवा चेहऱ्याच्या एका बाजूची कमजोरी, बोलणं अडखळणं
• मधुमेही किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाचा गाल दुखणं, बधिर होणं, नाकातून काळपट स्राव
• डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी
• पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, किंवा गरोदरपणातली नवी डोकेदुखी

त्या शिक्षिकेचं पुढे काय झालं ते सांगतो. मी फिटनेसचा कागद दिला नाही. त्याऐवजी सर्जनना फोन केला. त्यांनीही मोठ्या मनाने ऐकून घेतलं आणि ऑपरेशन पुढे ढकललं. रोजच्या वेदनाशामक गोळ्या आम्ही बंद केल्या. पहिले दोन आठवडे त्यांचे फार वाईट गेले, तीनदा फोन आला, “पुन्हा सुरू करू का?” प्रतिबंधक औषध सुरू केलं, वही सुरू केली. चार महिन्यांनी महिन्यातले बारा-चौदा दिवस तीनवर आले. मायग्रेन गेला नाही, तो जाणारही नाही कदाचित. पण आता त्यांना त्याचं नाव माहीत आहे.

शेवटी एवढंच. पुढच्या वेळी डॉक्टरांच्या खुर्चीसमोर बसाल तेव्हा ‘सायनस’ हा शब्द घरी ठेवून या. कुठे दुखतं, किती वेळ दुखतं, सोबत काय होतं, कशाने उतरतं, किती गोळ्या खाल्ल्या, हे सांगा. आणि समोरच्या डॉक्टरांनी यातलं काहीच न विचारता चिठ्ठी लिहायला घेतली, तर नम्रपणे विचारा, “डॉक्टर, हा मायग्रेन तर नसेल?” राग आला तर येऊ दे. मला कोणी आठ वर्षांपूर्वी विचारलं असतं, तर बरं झालं असतं.

(हा लेख माहितीसाठी आहे. औषधं सुरू किंवा बंद करण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.)